डाव्या क्रँकचे आटे

सायकलच्या दुकानाचं नाव 'पेडल' असलं तर त्यात कुणाला काही वावगं वाटू नये. रस्त्यावरून जाणाऱ्यांना तर ते छानच वाटायचं, सुटसुटीत आणि लक्षात राहणारं. पण ते नाव सायकलच्या पेडलवरून पडलेलं नव्हतं. दुकानात मागच्या बाकावर काम करणाऱ्या एका माणसावरून ते पडलं होतं, आणि त्या माणसाला ते त्याच्या सख्ख्या थोरल्या भावानं दिलं होतं, तो हॉस्पिटलात पाय प्लास्टरमध्ये घालून पडलेला असताना. भाऊ असावा तर असा.

बावीस वर्षांपूर्वी हा धाकटा जाड टायरांच्या डोंगरी सायकलवर शर्यती मारायचा, आणि चांगल्या मारायचा. अशाच एका शर्यतीत माथ्यावरून उतरताना त्याचं डावं पेडल क्रँकमधून, म्हणजे ज्या दांड्यात ते आवळलेलं असतं त्या दांड्यातून, उपटून बाहेर आलं. आधी पेडल गेलं, मग पाय घसरला, मग सायकल गेली आणि तिच्यामागोमाग तो दगडांत गेला. डावा गुडघा तीन ठिकाणी फुटला. डोक्यालाही मार बसला, त्यामुळे शर्यतीच्या आदली संध्याकाळ त्याच्या आठवणीतून पुसली गेली ती कायमची. ती संध्याकाळ त्याला दादानं सांगितली. तू घाईघाईत पेडल बसवलंस, वाकडं बसवलंस, आतले आटे मारून टाकलेस, मी ओरडत होतो पण तू ऐकलं नाहीस. शुद्धीवर आल्यावर जो माणूस उशाशी बसलेला दिसतो, त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो. त्यानंही ठेवला.

गुडघा आखडला तो आखडलाच. शर्यती संपल्या. वडिलांच्या माघारी त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप दादाच चालवायचा, ते त्यानं वर्षभरात सायकलच्या दुकानात बदललं आणि धाकट्याला मागच्या बाकावर बसवलं. ती मोडकी सायकल त्यानं दारासमोरच्या भिंतीवर दोन हुकांना टांगली. डाव्या क्रँकचं फाटलेलं भोक बरोबर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर यायचं. कुणी विचारलं, न विचारलं, तरी दादा बोटानं ते भोक दाखवायचा, मग बोट तसंच मागच्या बाकाकडे वळवायचा आणि म्हणायचा, "घाई केली की असं होतं." गिऱ्हाईक हसायचं. पेडलही हसायचा. हसण्यात आपण सामील झालो की हसणं कमी लागतं, एवढं त्याला अनुभवानं कळलं होतं.

पण एक मात्र झालं. ज्या चुकीनं आपलं वाटोळं झालं, ती पुन्हा कुणाच्याही सायकलला होऊ द्यायची नाही, असं त्यानं मनाशी धरलं. आटे साफ करणं, नवे पाडणं, मेलेल्या आट्यांच्या जागी बुश, म्हणजे नव्या आट्यांची बारीक नळी, बसवणं, यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी उरला नाही. दुसरे दुकानदार हात टेकल्यावर वस्तू त्याच्याकडे पाठवायचे. बावीस वर्षं तो माणूस दर दिवशी एकाच चुकीची भरपाई करत होता. दादाला हे कळत होतं. ह्याच्या अपराधावर आपलं दुकान चाललंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तो अपराध ताजा ठेवायला तो विसरत नव्हता.

दादाला एक सवय होती. हातात जे येईल त्याचं एक टोक तो दुमडायचा. बिल असो, तिकीट असो, वर्तमानपत्र असो. पत्र्याची पट्टी कापली तर तिचंही टोक तो बोटभर उलटं वळवून चेपायचा, हाताला लागू नये म्हणून. दुकानात कुठलाही कागद दादाच्या हातून गेलाय की नाही, हे नुसतं टोक बघून सांगता यायचं.

त्या घरात पेडलला पेडल न म्हणणारी एकच व्यक्ती होती, दादाची मुलगी. लहानपणी ती दुकानात शिरली की लावलेल्या सगळ्या सायकलींच्या घंट्या ओळीनं वाजवत जायची, म्हणून ती घंटी. आता एकोणीस वर्षांची झाली होती तरी घंटीच. वडिलांना ती अहोजाहो करायची आणि काकाला अरेतुरे. तिच्यासाठी तो नुसता काका होता. शाळेत असताना एका मैत्रिणीनं त्याला पेडलकाका म्हटलं, तर हिनं तिच्याशी आठवडाभर अबोला धरला होता. हे पेडलला तिच्या आईकडून कळलं होतं, आणि त्या दिवशी तो बाकाखाली हत्यार शोधण्याच्या निमित्तानं बराच वेळ वाकून राहिला होता. आयुष्यात त्याच्याकडे जपून ठेवण्यासारखं तेवढंच होतं.

घंटीला सायकलचं वेड लागलं ते काकामुळेच. त्या वर्षी जुन्या डोंगरी सायकलींची एक फेरी निघणार होती, माथ्यापर्यंत चढायचं आणि पलीकडून उतरायचं. सायकल वीस वर्षांच्या वरची हवी आणि तिचे मुख्य भाग मूळचेच हवेत, अशी अट होती. घंटीनं भिंतीवरच्या सायकलकडे बोट दाखवलं. दादानं साफ नाही म्हटलं. ती अपशकुनी आहे म्हणाला, लोखंड मेलंय म्हणाला, दुसरी आणून देतो म्हणाला. घंटीनं दोन दिवस जेवणाच्या ताटावर तोंड फुगवलं. शेवटी दादा कुरकुरत म्हणाला, बघू, तो क्रँक मी स्वतः बघेन, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आणि गुरुवारी सकाळी माल बघायला दोन दिवसांसाठी परगावी निघून गेला. फेरी रविवारी होती. बाप टाळतोय हे घंटीनं ओळखलं. दादाची पाठ वळताच तिनं स्टूल लावून सायकल खाली घेतली आणि काकाच्या बाकाला टेकवली. एवढंच म्हणाली, काका, तुझ्याशिवाय कुणाला जमणार आहे हे?

त्याचा हात क्रँकवर पडायला बावीस वर्षं लागली होती. जिनं आपला पाय नेला तिला कोण हौसेनं हात लावील? शिवाय दादानं बजावलेलं. पण घंटीनं मागितल्यावर नाही म्हणायची त्याच्यात ताकद नव्हती. त्यानं क्रँक काढला, रॉकेलमध्ये भिजवला, दुपारी शिकंज्यात धरला आणि दाभणानं भोकातला वाळलेला मळ उकरायला घेतला.

मळाबरोबर आधी करड्या रंगाचा, वाळून कडक झालेला चिकट पदार्थ निघाला. मग भोकाच्या कडेला चिकटलेलं काहीतरी दाभणाला अडकलं. चिमट्यानं ओढल्यावर गुंडाळी झालेली पितळी पत्र्याची एक पट्टी बाहेर आली, काळीठिक्कर, अंगठ्याएवढ्या रुंदीची.

आटे गेलेलं भोक सैल पडतं. आत पत्रा गुंडाळून घातला, वरून चिकट पदार्थ लावला आणि पेडल पिळलं तर ते घट्ट बसल्यासारखं वाटतं. सपाट रस्त्यावर चारदोन दिवस चालतंही. अंगाचा सगळा भार पडला की पत्र्यातून निसटतं. ही दुरुस्ती नव्हे, झाकपाक. पण ही झाकपाक केली कुणी? त्या काळी ह्याला सायकल चालवता येत होती, पत्रा कापायची कात्री धरता येत नव्हती.

त्यानं पट्टी उलगडली. तिचं एक टोक बोटभर दुमडून चेपलेलं होतं.

मग त्यानं भिंग घेतलं आणि भोकाच्या तळाशी, जिथे पत्रा पोचला नव्हता तिथले उरलेसुरले आटे बघितले. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. सगळं जग ज्या दिशेला आवळतं त्या दिशेला ते सैल होतं, चालवताना आपोआप सुटू नये म्हणून ती सोय. शर्यतीत उतरणारं पोर हे पहिल्या आठवड्यात शिकतं. आणि इथे त्या उलट्या आट्यांना आडवे छेदून सरळ आटे गेलेले होते, तेही एकसारखे, खोल, टॅपनं, म्हणजे आटे पाडायच्या हत्यारानं, पाडावेत तसे. वाकड्या पेडलनं असं होत नाही. कुणीतरी साफ करायच्या नादात साधा, सरळ टॅप फिरवला होता. सायकलीतलं काही न कळणारा, लेथवर रोज सरळ आटे पाडणाराच कुणीतरी. त्या वर्कशॉपात तेव्हा असा एकच माणूस होता.

आता त्याला आणखी एक गोष्ट आठवली. अपघातानंतर महिन्याभरातच दादानं उलट्या आट्यांच्या टॅपचा अख्खा संच आणून ठेवला होता. तेव्हा ह्याला वाटलं होतं, आपल्याला काम शिकवायला आणलाय. केवढं भरून आलं होतं तेव्हा.

खरं सांगायचं तर टॅपबद्दल त्याला राग आला नाही. धाकट्याची शर्यत म्हणून थोरल्यानं प्रेमानं दोन्ही क्रँक साफ करायला घेतले असतील. एक बिघडला, सांगायची लाज वाटली, पत्रा कोंबला. होतं असं माणसाकडून. पण पुढची बावीस वर्षं? ती भिंत, ते बोट, ते "घाई केली की असं होतं"? ते काही लाजेपोटी झालं नव्हतं. बाकावर दोन्ही हात टेकून तो उभा राहिला आणि त्याच्या अंगाची लाहीलाही झाली. त्या क्षणी दादा समोर असता तर दोन शिव्या देऊन, कदाचित दोन ठेवून देऊन, गोष्ट तिथेच संपली असती. पण दादा परगावी होता. दोन दिवस मिळाले. माणसाला सूड घ्यायला वेळ मिळू नये, वेळ मिळाला की तो सूडावर मेहनत घेतो.

आधी त्यानं क्रँक दुरुस्त केला. तो कसा केला हे सांगितलंच पाहिजे, कारण त्या माणसाच्या हातून त्याहून चांगलं काम कधी झालं नव्हतं. साडेचार सुताचं ते फाटकं भोक त्यानं ड्रिलनं वाढवून पाच सुताला जरा कमी केलं, एकदम नाही, तीन टप्प्यांत, दर वेळी गुण्यानं काटकोन तपासून. मग उलट्या आट्यांचा मोठा टॅप घेतला आणि अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, थेंबथेंब तेल सोडत नवे आटे पाडले. लेथवर पोलादाचा बुश कातून काढला, बाहेरून उलटे आटे, आतून उलटे आटे, एका बाजूला बारीक कॉलर, म्हणजे कड. आटे धरून ठेवणारं लाल औषध लावून बुश आत पिळला आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी कॉलरवरून नख फिरवलं तर क्रँक कुठे संपतो आणि बुश कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. पेडल बोटांनी फिरवलं आणि ते शेवटपर्यंत लोण्यात जावं तसं गेलं. मूळच्यापेक्षा हे जास्त मजबूत होतं. घंटीसाठी होतं, कमी कसं असणार?

आणि मग त्यानं तो पत्रा घेतला. आधी रॉकेलनं धुतला, मग पॉलिश लावून कापडानं घासत बसला. का? दादासमोर ठेवायचा होता ना. काळाकुट्ट तुकडा टेबलावर टाकला तर दादा कचरा समजून झटकेल. तो चमकला पाहिजे, दुमडलेल्या टोकासकट डोळ्यांत घुसला पाहिजे. तासभर घासल्यावर पट्टी अशी लखलखली की जणू सकाळीच कापली असावी. आयुष्यात घाईनं त्याचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते ह्या एका तासाच्या निवांत कामानं.

शनिवारी उशिरा दादा आला तो थेट झोपायलाच गेला. रविवारी उजाडताच घंटी सायकल घेऊन निघाली. गल्लीच्या टोकाला वळताना तिनं काकासाठी घंटी वाजवली. आठ वाजता दादा चहाचा कप घेऊन दुकानात आला आणि रिकाम्या हुकांकडे बघत दारातच थांबला.

पेडलनं बाकावरचा पत्रा उचलून त्याच्यासमोर काउंटरवर ठेवला, दुमडलेलं टोक दादाकडे करून. दादाची नजर त्या टोकावर खिळली. कपातला चहा बशीत सांडला तरी त्याला कळलं नाही.

"घंटी?" दादानं विचारलं.

"गेली फेरीला. डावं पेडल मी बसवून दिलं."

"आणि आटे?"

"तू केलं होतंस तसंच केलं, दादा. तुझ्याच पद्धतीनं. पत्रा घातला."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं फोन लावला, घंटी उचलेना, सायकलवर असताना ती उचलतच नसे. चढाला दोन तास धरले तर ती आता माथ्याजवळ असणार, आणि माथ्यानंतर उतार. दादानं पत्रा खिशात कोंबला, स्कूटर बाहेर काढली. पेडल लंगडत जाऊन मागे बसला. उतर म्हणायलाही दादाला वेळ नव्हता.

खोटं कशाला बोला, पेडलला बरं वाटत होतं. पुढच्या माणसाचे गिअर चुकत होते, वळणावर खडीवरून स्कूटर दोनदा घसरली, आणि दर वेळी पेडलच्या मनात येत होतं, कळू दे, थोडं तरी कळू दे. त्यानं मनाशी ठरवलं होतं, दादाकडून फक्त एक वाक्य हवं. मी केलं होतं. ते वाक्य आलं की लगेच सांगायचं, घाबरू नकोस, बुश आहे, पोलादी, पोरगी सुखरूप आहे. मग घरी जायचं. मग माफ करणंसुद्धा जमलं असतं कदाचित.

"तो टॅप कुणी फिरवला होता, दादा?" तो दादाच्या कानाशी म्हणाला.

दादानं स्कूटर आणखी पिळली.

"एवढं सांग. मग मी तुला एक गोष्ट सांगतो."

आरशात दादाचे डोळे दिसत होते. ओले होते. पेडलच्या अगदी जिभेवर आलं होतं की सांगून टाकावं. बापाचा जीव टांगणीला लागलाय, पुरे झालं. पण बावीस वर्षांसमोर हा अर्धा तास त्याला फार लहान वाटला. त्यानं जीभ आवरली. तो भला माणूस होता, पण त्या अर्ध्या तासात नव्हता.

माथ्यावर पाणी प्यायला पन्नासेक सायकली थांबल्या होत्या. घंटी उताराच्या तोंडाशी हेल्मेटचा पट्टा आवळत होती, एक पाय डाव्या पेडलवर. दादानं स्कूटर तशीच रस्त्यात टाकली आणि धावत जाऊन तिचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. त्याला धाप लागली होती. सगळे बघायला लागले. पेडल मागून लंगडत पोचला आणि घंटीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. आता कसा सुटतोस, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

घंटी म्हणाली, "काय झालं बाबा?"

दादानं तिच्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांची पोर, बाप धावत आला म्हणून घाबरलेली, आणि त्याच्यावर पूर्ण भरवसा टाकून उत्तराची वाट बघणारी. भीतीनं माणूस खरं बोलतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तेव्हा दादाला बघायला हवं होतं.

"उतर खाली," दादा म्हणाला. "काकानं तुझ्या पेडलमध्ये पत्रा कोंबलाय. स्वतः ज्याच्यानं पडला तेच तुला करून दिलंय."

घंटी हसली. आधी तिला थट्टाच वाटली. अख्खा चढ चढून आले, काही हललं नाही, म्हणाली. दादा म्हणाला, चढाला नाही सुटत, ह्याचंही उतारालाच सुटलं होतं. मग त्यानं खिशातून पट्टी काढून तिच्यासमोर धरली. उन्हात ती अशी चमकली की मागचे दोघेतिघे माना उंच करून बघायला लागले.

"हा बघ. हाच तुकडा उरला होता बाकावर."

"तो ह्याचा आहे," पेडल म्हणाला. "बावीस वर्षांपूर्वीचा. माझ्या क्रँकमध्ये होता, ह्यानं घातलेला. घंटी, त्याचं टोक बघ फक्त."

घंटीनं पट्टीकडे बघितलं. टोक दादाच्या अंगठ्याखाली होतं, आणि दादाचा अंगठा सावकाश, जणू काही सवयीनं, ते टोक सरळ करत होता. अंगठा बाजूला झाला तेव्हा पट्टी सपाट होती.

"काका, हा तर नवाकोरा आहे," ती म्हणाली.

"मी घासला तो. पॉलिश केला."

"का?"

ह्याला काय उत्तर देणार? त्याला दादाच्या डोळ्यांत घुसवायचा होता म्हणून? आता घंटीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"तू बाबांना सांगितलंस की पत्रा घातलाय म्हणून?"

"सांगितलं. पण तसं नाहीये. बुश आहे आत, पोलादी. मी त्याला नुसतं..."

तिनं पुढच्या शब्दाची वाट बघितली नाही. ती वडिलांकडे वळून म्हणाली, बाबा, तुम्हीच बघा ना नीट.

हे ऐकून पेडलला हायसं वाटलं. कारण दादाचं सगळं माहीत असलं तरी एक गोष्ट त्याला कबूल होती, कामाच्या बाबतीत दादा कधी खोटं बोलत नसे. गिऱ्हाईक कितीही नावडतं असो, चांगल्या कामाला त्यानं वाईट म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. दादानं चष्मा लावला, गुडघ्यावर बसला. पेडल मागे ढकलून क्रँकचं भोक निरखलं. कॉलरवरून नख फिरवलं, एकदा ह्या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. नख कुठेच अडकलं नाही. त्याची बोटं थांबली. धाप थांबली. खांदे खाली आले. पोरीला काही होणार नाही हे त्याला कळलं, आणि हे काम आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं हेही कळलं. त्यानं मान वर करून धाकट्याकडे बघितलं. दोघांनाही सगळं माहीत होतं. पेडलला त्या नजरेत आभार दिसले, शपथेवर सांगावं इतके स्पष्ट दिसले.

दादा गुडघे झटकत उठला.

"पत्राच आहे," तो म्हणाला.

गर्दीतल्या एकानं जीभ टाळ्याला लावून च् च् केलं. दादानं त्याच्याकडे वळून हळू आवाजात सांगितलं की डोक्याला मार बसल्यापासून तो असाच आहे, आम्ही सांभाळून घेतो, चूक माझीच, लक्ष ठेवायला हवं होतं. ज्यानं विचारलं नव्हतं त्याला सांगितलं. घंटीला ऐकू जाईल एवढं मोठ्यानं सांगितलं.

"घंटी, तू उतरू नको हवं तर. मी जातो हिच्यावरून खाली," पेडल म्हणाला. "ह्याच पेडलवर उभा राहून जातो. बघ तू."

त्यानं हँडलकडे हात नेला. तो जाणार होता, आखडलेल्या गुडघ्यानं, बावीस वर्षांनी, त्याच उतारावरून. आणि सुखरूप पोचला असता, कारण काम पक्कं होतं.

घंटीनं सायकल आपल्याकडे ओढून घेतली. ती सायकलवरून उतरली होती. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज साफ होता, गिऱ्हाइकाशी बोलावा तसा.

"नको," ती म्हणाली. "बाजूला व्हा, पेडलकाका. मला सायकल काढू द्या."

तो बाजूला झाला. आखडलेल्या पायानं त्याला त्यासाठी दोन पावलं जास्त लागली, आणि सगळ्यांनी ती होईपर्यंत वाट बघितली.